रोग्याची कुंडी आणि परवान्याचे दुकान



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी बोनसवर, कंत्राटी कामगारांवर, नाहीतर नव्या कामगार संहितांवर बोलेन अशी त्यांची अटकळ असावी. मी गांजाचे नाव काढले आणि ते जरा चमकले. मग हळूच म्हणाले, "साहेब, श्रोत्यांत म्हातारी माणसे असतात." मी म्हटले, म्हणूनच हा विषय घेतला. दुखणे म्हणजे काय हे म्हाताऱ्या माणसांना सांगावे लागत नाही.

आपल्या गावातील कितीतरी घरांची मुले आज अमेरिकेत, सिॲटलच्या बाजूला संगणकाच्या कंपन्यांत नोकरीला आहेत. चार-सहा महिने मुलाकडे राहून आलेले आपले स्नेही परत आले म्हणजे सांगतात, "अहो, तिकडे गांजाची दुकाने आहेत! दिवे लावलेली, पाट्या लावलेली. पावती मिळते!" ऐकणारा कानाला हात लावतो, नाहीतर हसतो, आणि विषय तिथेच संपतो. त्या दुकानाच्या पाठीमागे वीस-पंचवीस वर्षांचे जे कायद्याचे भांडण आहे, ते मात्र कोणी सांगत नाही. ते भांडण नशेबाजांचे नव्हते. ते मुख्यतः आजारी माणसांचे होते, आणि त्यातून आपणही शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. मी नशेचा वकील नाही. दारूने आणि गांजाने संसार धुळीला मिळालेले मी पुष्कळ पाहिले आहेत. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर उभ्या राहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पण मी आणखीही एक गोष्ट पाहिली आहे. 1998 साली आमच्या युनियनच्या एका सभासदाला तोंडाचा कर्करोग झाला. शेवटचे दोन महिने तो माणूस रात्रभर भिंतीला डोके घासत असे. डॉक्टर म्हणाले, याला मॉर्फिन पाहिजे. पण आमच्याकडे ते ठेवीत नाहीत, परवान्यांची फार कटकट आहे. मी तीन शहरे फिरलो. मिळाले नाही. पुढे वाचनात आले की दोष एकट्या त्या रुग्णालयाचा नव्हता. 1985 साली आपल्या संसदेने अमली पदार्थांचा जो कडक कायदा केला, त्यानंतर देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर झपाट्याने घसरला. कायदा केला होता तस्करांसाठी. त्याचा फटका बसला अंथरुणावरच्या माणसाला. ती चूक दुरुस्त करायला 2014 साल उजाडावे लागले. तोवर आमचा सभासद जाऊन सोळा वर्षे झाली होती.

म्हणून व्यसनाविरुद्धचा कोणताही कायदा हाती घेतला की मी आधी हे पाहतो, की यात आजाऱ्याची सोय कुठे आहे, आणि ती कोणाच्या हातात ठेवली आहे? आजच्या विषयाचे सार या एका प्रश्नात आहे.

आता वॉशिंग्टन राज्याकडे वळू. राजधानीचे वॉशिंग्टन वेगळे. हे पश्चिम किनाऱ्यावरचे राज्य, ज्यात सिॲटल आहे. 1998 सालच्या नोव्हेंबरात तिथल्या मतदारांनी थेट मतदानाने, सुमारे 59 टक्के मतांनी, औषधी गांजाचा कायदा मंजूर केला. कर्करोग, एड्स, फेफरे, असह्य वेदना अशा ठरावीक दुखण्यांच्या रोग्याला डॉक्टरने लेखी दिले, तर त्याने साठ दिवसांच्या गरजेपुरता गांजा जवळ बाळगावा आणि स्वतः लावावा. साठ दिवसांची गरज म्हणजे किती, हे आरोग्य खात्याने 2008 मध्ये ठरवले: पंधरा रोपे आणि 24 औंस, म्हणजे सुमारे 680 ग्रॅम तयार माल.

या कायद्यात दोन उणिवा होत्या. पहिली अशी की त्यात दुकानाची तरतूदच नव्हती. ज्याला स्वतः लावता येत नाही, त्याने लावून देणारा एक काळजीवाहक नेमावा; आणि एका काळजीवाहकाने एका वेळी एकाच रोग्याचे पाहावे. केमोथेरपी घेऊन आलेल्या, उभेही राहवत नसलेल्या बाईने चार महिने रोप वाढण्याची वाट पाहायची, हे कसे व्हावे? दुसरी उणीव याहून वाईट. डॉक्टरचा कागद असूनही अटक टळत नसे. पोलिसाने पकडावे, रोपे उपटावीत, खटला भरावा. आणि मग कोर्टात उभे राहिल्यावर रोग्याने तो कागद बचाव म्हणून पुढे करावा. छत्री मिळणार, पण भिजून झाल्यावर!

साहजिकच पळवाटा निघाल्या. "एका वेळी एकच रोगी" या शब्दांचा आधार घेऊन काहींनी दुकाने थाटली. एक गिऱ्हाईक गेले की दुसरे आत. एका वेळी एकच! या दुकानांना तिकडे डिस्पेन्सरी म्हणतात. आपल्याकडे डिस्पेन्सरी म्हटले की डोळ्यांपुढे कामगार विम्याचा दवाखाना येतो, रांग येते, लाल औषधाची बाटली येते. तिथली डिस्पेन्सरी म्हणजे नुसते विक्रीचे दुकान. तिथे डॉक्टर बसत नाही.

ही सगळी अंधाधुंदी मोडावी म्हणून 2011 साली सिनेटर जीन कोल-वेल्स यांनी विधिमंडळात एक विधेयक आणले. शेतीखात्याने पिकवणाऱ्यांना परवाने द्यावेत, आरोग्य खात्याने दुकानांना द्यावेत, आणि नोंद केलेल्या रोग्याला अटकेपासूनच संरक्षण मिळावे, असा त्याचा आशय होता. दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले. इतक्यात केंद्र सरकारच्या तिथल्या दोन सरकारी वकिलांचे पत्र गव्हर्नर क्रिस्टीन ग्रेगॉयर यांच्याकडे आले. केंद्राच्या 1970 च्या कायद्याने गांजा सर्वांत कडक वर्गात होता. तेव्हा परवाने देण्याचे काम करणाऱ्या राज्याच्या नोकरांनाही केंद्राच्या कारवाईपासून संरक्षण मिळणार नाही, असे त्यात बजावले होते. 29 एप्रिल 2011 रोजी गव्हर्नरबाईंनी विधेयकाचा बहुतेक भाग नकाराधिकाराने कापून टाकला.

पुष्कळांनी त्यांना भित्र्या म्हटले. मी म्हणणार नाही. खिडकीपलीकडे बसून शिक्का मारणाऱ्या कारकुनाच्या हातात बेड्या पडतील अशी भीती असेल, तर युनियनवाला म्हणून मला त्या कारकुनाचाही विचार केला पाहिजे. पण एक नोकरवर्ग वाचवताना आजाऱ्यांना वाऱ्यावर सोडले, हेही तितकेच खरे. विधेयकातले नियम गेले आणि मोजकी कलमे उरली. त्यांतले एक कलम असे की दहापर्यंत रोग्यांनी मिळून पंचेचाळीसपर्यंत रोपांची सामायिक बाग करावी. त्या बागेच्या नावाखाली नव्या दुकानांचे पेव फुटले. त्यांना राज्याचा परवाना नव्हता आणि मालाची सक्तीची तपासणीही नव्हती. जे टाळण्यासाठी विधेयक आणले, तेच दुपटीने पदरी पडले.

पुढे 2012 च्या नोव्हेंबरात मतदारांनी आणखी एक पाऊल टाकले आणि एकवीस वर्षांवरील कोणालाही परवान्याच्या दुकानातून गांजा विकत घेण्याची मुभा दिली. 2014 च्या जुलैत ती दुकाने उघडली. घरी रोप लावण्याची मुभा मात्र या नव्या गिऱ्हाइकाला नव्हती. आता शेजारी शेजारी दोन दुकाने झाली. एक कर भरणारे, दुसरे रोग्यांच्या नावावर चालणारे आणि स्वस्त. परवानाधारक ओरडू लागले, तिजोरीवालेही ओरडू लागले. 2015 साली नवा कायदा झाला. त्याचे नाव मोठे गोड होते: गांजा-रुग्ण संरक्षण कायदा!

या कायद्याने काय केले ते नीट ऐका, कारण खरी मेख इथे आहे. 1 जुलै 2016 पासून सामायिक बागा बंद झाल्या. रोग्यांनीही त्याच परवान्याच्या दुकानात जावे असे ठरले. पूर्वी रोग्याला पंधरा रोपे होती. आता सरकारी यादीत नाव घातले तर सहा, आणि डॉक्टरने जास्त लिहून दिली तरच पंधरापर्यंत. यादीत नाव घालण्याची सक्ती नाही. पण नाव नसेल तर चार रोपे, आणि अटकेपासूनचे संरक्षणही नाही. सहकार करायचा तर जास्तीत जास्त चौघांनी करावा, आणि त्यांची बाग परवान्याच्या दुकानापासून एक मैलाच्या आत असता कामा नये.

घरी लावण्याविरुद्ध जे आक्षेप आहेत ते पोकळ नाहीत. बंद खोलीत मोठाले दिवे लावून रोपे वाढवली तर वीजजोडणीवर ताण पडतो, आगी लागतात. ओलीने भिंतींना आणि मालाला बुरशी येते. ती बुरशी कर्करोगाच्या रोग्याच्या फुप्फुसात गेली तर औषधाचे विष होते. शेजाऱ्याला वासाचा त्रास होतो. घरात पोरे असतात. आणि औषधाच्या नावाने जास्त लावून उरलेला माल चोरून विकणारेही असतात. दुकानात तपासलेला माल मिळतो, त्यात काय किती आहे ते वेष्टनावर छापलेले असते. मी कायदा करणारा असतो, तर मीही दुकान उघडले असते. ज्याला आजच औषध पाहिजे, ज्याच्याकडे अंगण नाही आणि हातपाय चालत नाहीत, त्याला दुकानाशिवाय गती नाही.

पण मग त्या एका मैलाच्या अटीचे काय? आगीला मैल कळत नाही. बुरशीला कळत नाही. दुकानापासून दीड मैलावरच्या बागेतली पोरे सुरक्षित आणि अर्ध्या मैलावरची धोक्यात, असे कोणी म्हणेल काय? ही अट रोग्याला जपत नाही, शेजाऱ्यालाही जपत नाही. ती जपते दुकानाच्या गल्ल्याला. ॲरिझोना राज्याच्या 2010 च्या कायद्यात तर याहून मोठी अट घातली: दुकान 25 मैलांच्या आत असेल, तर त्या रोग्याने घरी रोप लावायचेच नाही. शेजारी दुकान निघाले की याचा हक्क संपला. हक्क कधी असा मैलांनी मोजतात काय?

इथे मला आमच्या कारखान्याची एक गोष्ट आठवते. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे अडीचशेवर कामगार असले की कँटीन चालवण्याची सक्ती सरकारला मालकावर करता येत असे. आमच्याकडे ते मिळायला आम्हाला झगडावे लागले. कँटीन सुरू झाले, चांगले चालले. दोन-तीन वर्षांनी व्यवस्थापनाने नोटीस लावली: स्वच्छतेच्या कारणास्तव घरचे डबे आणण्यास बंदी. डब्याने उंदीर होतात, खरकटे सांडते, वगैरे. कारणे खोटी नव्हती, उंदीर होतेच. आमच्यातले काही पुढारी म्हणाले, जाऊ द्या, कँटीन आपणच मागितले ना? पण एक वयस्क फिटर उठून बोलला: "आज भाजी बरी आहे, कारण बिघडली तर आम्ही डबा काढतो. डबा गेला की भाजी बघा." आम्ही डबा सोडला नाही. डब्यासाठी वेगळी खोली, झाकणाची कपाटे, रोज झाडलोट, या अटी मात्र आनंदाने मान्य केल्या.

बंधुभगिनींनो, रोग्याची कुंडी म्हणजे त्याचा घरचा डबा आहे. शंभर रोग्यांत नव्वद जण कुंडी लावणार नाहीत. ते दुकानातच जातील. पण कुंडी लावता येते एवढ्यानेच दुकानदाराचा भाव आणि सरकारचा कर थोडा वचकून राहतो. वाटाघाटीच्या टेबलावर मी आयुष्य काढले. ज्याला उठून जाता येत नाही, त्याच्याशी कोणी वाटाघाट करीत नाही. त्याला फक्त भाव सांगतात. वॉशिंग्टन राज्यात 2015 पासून दुकानाच्या मालावर 37 टक्के खास कर बसला आणि तो रोग्यालाही भरावा लागला. यादीतल्या रोग्याला ठरावीक दुकानांतल्या ठरावीक मालावर त्यातून सूट मिळाली ती 2024 साली. म्हणजे बागा गेल्या 2016 ला आणि सूट आली आठ वर्षांनी.

या कुंडीवर आणखी वरच्या दरबारातूनही घाव पडला आहे. 2002 साली कॅलिफोर्नियात एका आजारी बाईच्या घरी केंद्राचे अधिकारी गेले. स्थानिक पोलिसांचे मत होते की राज्याच्या कायद्याप्रमाणे बाईची रोपे रीतसर आहेत. तरी तीन तासांच्या हुज्जतीनंतर केंद्राच्या लोकांनी ती रोपे नेऊन नष्ट केली. किती रोपे? सहा. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2005 साली सहा विरुद्ध तीन मतांनी बाई हरली. तिने गांजा विकला नव्हता, विकत घेतला नव्हता, राज्याबाहेर नेला नव्हता. पण न्यायालयाने 1942 सालच्या एका निकालाचा आधार घेतला. त्यात ओहायोच्या एका शेतकऱ्याने ठरवून दिलेल्या अकरा एकरांऐवजी तेवीस एकर गहू पेरला होता. तो म्हणाला, जास्तीचा गहू माझ्या घरी, माझ्या जनावरांना. न्यायालय म्हणाले, तू घरचा खाल्लास म्हणजे बाजारातला घेतला नाहीस. सगळ्यांनी असे केले तर बाजार हलतो. तो गव्हाचा न्याय सहा कुंड्यांना लावला! त्या निकालाने एक गोष्ट मात्र उघड झाली: घरी पिकवणारा माणूस बाजाराच्या डोळ्यांत खुपतो.

कोणी म्हणेल, हे सगळे अमेरिकेचे. आपल्याला काय त्याचे? तर ऐका. ही कुंडी आणि दुकानाची गोष्ट आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेली आहे. 1893 साली इंग्रज सरकारने गांजा, भांग, चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. सात सभासद होते, त्यांत तिघे हिंदी. हजाराहून जास्त साक्षी झाल्या आणि 1894 साली अहवाल आला. आयोग म्हणाला, संपूर्ण बंदी घालू नये. माफक सेवनाने सरसकट वेड लागते किंवा गुन्हेगारी वाढते असे दिसत नाही. अहवाल मोठ्या समतोलाने लिहिलेला म्हणून आजही नावाजला जातो. पण त्याच्या शिफारशी पाहा: पुरेसा कर बसवावा, परवान्याशिवाय लागवड बंद करावी, लागवड एका ठिकाणी आणावी, दुकानांची संख्या मर्यादित ठेवावी. म्हणजे साहेबानेही दुकान ठेवले आणि परसातले रोप काढले. 1894 चे कलकत्ता आणि 2015 चे वॉशिंग्टन राज्य, मध्ये एकशेएकवीस वर्षे. हिशेब मात्र एकच, कारण दुकानावर कर बसवता येतो आणि कुंडीवर बसवता येत नाही.

आज आपल्याकडे 1985 चाच कायदा चालतो. नुसती पाने आणि बिया त्याच्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांगेची दुकाने काही राज्यांत चालू शकतात. पण परवान्याशिवाय कुंडीत रोप लावले तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. त्याच कायद्यात वैद्यकीय आणि शास्त्रीय कामासाठी लागवडीला परवानगी देण्याची वाटही ठेवलेली आहे. त्या वाटेकडे आता राज्यांचे लक्ष गेले आहे. 2024 च्या सप्टेंबरात हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेने औषधी आणि औद्योगिक कामासाठी नियंत्रित लागवड करावी अशा शिफारशीचा अहवाल स्वीकारला. आज हिमाचल, उद्या आणखी कोणी. अशी विधेयके येतील तेव्हा एका बाजूने ओरड होईल की समाज बुडाला, आणि दुसऱ्या बाजूने हिशेब मांडला जाईल की महसूल किती कोटी. रोग्याचे नाव दोघेही घेतील.

मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधाच्या गुणाबद्दल माझा शब्द प्रमाण धरू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 2017 मध्ये शेकडो संशोधने तपासून सांगितले, की मोठ्या माणसांच्या जुनाट वेदना, केमोथेरपीच्या ओकाऱ्या आणि मज्जातंतूंच्या एका विकारात येणारा स्नायूंचा ताठरपणा, या तिन्हींवर याचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा आहे. बाकीच्या पुष्कळ दाव्यांना तसा पुरावा नाही. त्याच अहवालात हेही आहे, की जास्त सेवनाने मनोविकाराचा धोका वाढतो. म्हणून कुंडी हवी म्हणजे मोकाट रान हवे असा अर्थ कोणी काढू नये. डॉक्टरचा कागद असावा. रोपांची संख्या ठरलेली असावी. कुलूप असावे, वीजजोडणी तपासलेली असावी, आणि रोग्याला आपल्या घरचा माल सरकारी प्रयोगशाळेत थोडक्या पैशांत तपासून मिळावा. डब्याच्या खोलीला आम्ही झाकणाची कपाटे मान्य केली, तशाच या अटी.

तेव्हा उद्या असे विधेयक आपल्या दारी आले तर तुम्ही, नागरिक म्हणून, तीन प्रश्न विचारा. रोग्याला अटकेपासून संरक्षण आहे, की कोर्टात गेल्यावर फक्त बचाव आहे? अंमलबजावणी करणाऱ्या कारकुनाला, परिचारिकेला, दुकानातल्या नोकराला कायद्याचा आधार आहे काय? आणि दुकान उघडताना कुंडी कोणाच्या हिताकरता बंद केली?

आमचा तो सभासद गेला त्या रात्री त्याच्या बायकोने मला विचारले, "भाऊ, औषध जगात होते ना?" मी म्हटले, "होते, वहिनी." ती म्हणाली, "मग ते कुणी धरून ठेवले होते?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. पुढे पुष्कळ कायदे वाचले ते त्या प्रश्नापायी.